मागून ठोकलेल्या गाडीचं स्टेरिंग

लातूरला बदली होऊन गेलो तेव्हा मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो, तिथं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाडेकरूंचं वजन होत असे. घरमालकीण बाई सरकारी आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून त्या जिन्याखाली खुर्ची टाकून बसत. शेजारी काटा आणि मांडीवर वही. आम्ही एकेक जण चप्पल काढून काट्यावर चढायचो. माझ्या शेजारच्या खोलीत डॉक्टरकीच्या प्रवेशाचा क्लास लावलेल्या दोन मुली होत्या. परीक्षा जवळ आली की त्यांचं वजन उतरायचं आणि मग आठवडाभर बाई त्यांच्या ताटात एकेक भाकरी जास्त वाढायच्या. माझं वजन मात्र चढतच होतं.

“मोजणी, तुझं पोट तुझ्या आधी जिना चढून राहिलंय,” त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या.

मी जमीन मोजणीच्या खात्यात, म्हणून माझं नाव मोजणी. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण तीन वर्षांत त्यांनी ते एकदाही वापरलं नाही.

अशीच आणखी एक वही फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. ती पिकअपची. तारीख, तक्रार, तपासणी, उपचार असे चार रकाने पट्टीनं आखलेले. ‘सकाळी सुरू होताना खोकला. धूर काळा. फिल्टर साफ केला. आराम.’ ‘मागच्या डाव्या चाकाला सूज. टायर बदलणे.’ एकदा मी वाचलं होतं, ‘विशेष तक्रार नाही. उगाच रुसली आहे.’

ही पिकअप मूळची सरकारी. बाई देगलूर तालुक्यात नोकरीला असताना लसींचे डबे घेऊन याच गाडीतून गावोगाव फिरल्या होत्या. गाडी निकामी ठरून लिलावात निघाली आणि बाईही त्याच वर्षी निवृत्त झाल्या. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ती उचलून घरी आणली. चालवायला शिकल्या त्या नंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. शिकवणारा माणूस पंधरा दिवसांत दोनदा चालत्या गाडीतून उतरून पळाला, हे त्या फार अभिमानानं सांगायच्या. शिकल्यावर गाडीला पाण्याच्या टाकीला देतात तसला आकाशी रंग दिला आणि पुढच्या काचेखाली विभूतीची तीन बोटं ओढली.

बैलगाडी सोडली तर बाई रस्त्यावर कुणालाही मागं टाकत नसत. ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढं जायचे. पण गल्लीत कुणाचं कपाट हलवायचं असो, लग्नाची भांडी आणायची असोत की कुणाच्या म्हशीला कडबा, बाई गाडी काढायच्या. स्टेरिंगवर मात्र स्वतःच बसायच्या. दुसऱ्या कुणाचा हात त्यावर पडलेला त्यांना खपत नसे.

आणि त्या कधी चुकत नसत. म्हणजे चुकायच्या, पण ते त्यांच्या गावीही नसे. आमटी खारट झाली तर म्हणायच्या, “उकाडा लई हाय. अंगातलं मीठ जातंय, म्हणून जास्त घातलंय.” गाडी फाटकाच्या खांबाला घासली तर खांब चुकीच्या जागी बांधलेला असायचा. त्या खांबावर आकाशी रंगाचे सात ओरखडे होते.

रस्त्यात पोलिसानं अडवलं की बाई काच खाली करून त्याचा चेहरा निरखत. “नायगावचा का देगलूरचा?”

“नायगावचा, बाई.”

“मग तुला मी काढलंय. उलटा होतास. माईनं लई सोसलं बघ तुझ्यापायी.”

पोलीस ओशाळून बाजूला व्हायचा. यातले किती जण खरोखर त्यांच्या हातून जन्मले होते, देव जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “तुला काय कळतंय? मी कपाळ ओळखते.”

अशा बाई एका सकाळी न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खुब्यात धातूचा गोळा बसला. त्यांचा मुलगा बसवराज पुण्याहून धावत आला. तो कंप्युटरच्या कंपनीत होता. शांत, जाडसर, आईशी हळू आवाजात बोलणारा माणूस. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने गाडी नाही, आणि त्यानंतरही मांडी पोटाशी आणायची नाही, फार वाकायचं नाही. बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहा महिन्यांनंतरच्या तारखेला लाल गोल केला.

त्या तारखेला सकाळी सात वाजता त्या काठी टेकत शेडमध्ये गेल्या. मी वरून बघत होतो. जुन्या पिकअपची सीट उंच आणि स्टेरिंगचं मोठं लोखंडी चाक अगदी मांडीवर आलेलं. आत शिरायचं तर पाय दुमडून त्या चाकाखालून सरकवावा लागे. बाईंनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पाय मध्येच अडकला आणि त्या तशाच दाराला धरून उभ्या राहिल्या. मी धावत खाली गेलो. त्यांनी खिळ्यावरची वही काढली आणि लिहिलं, ‘चाक आडवं येतंय.’ तक्रार गाडीची. त्यांच्या पायाची नव्हे.

बसवराजला हे कळलं तसा तो फोनवर म्हणाला, “आई, आता विकून टाकू. एक गिऱ्हाईक आलंय.” पुण्याजवळच्या एका हॉटेलवाल्याला दारात उभी करायला जुनी गाडी हवी होती. लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढणार, मागच्या हौद्यात फुलझाडं लावणार.

“माझ्या गाडीचं बुजगावणं करतोस?” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. दोन दिवस त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. त्या रविवारी वजनंही झाली नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात न्यायचं होतं. गल्लीतल्या एकाची कार सांगितली, सोबत मी. रुग्णालयाच्या दारात गाडी थांबली. त्या ड्रायव्हरचं पोट माझ्याहून मोठं होतं. उतरण्याआधी त्यानं स्टेरिंगखालची एक दांडी ओढली, चाक वर ढकललं आणि ऐसपैस बाहेर पडला.

“थांब,” मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या. “काय केलंस आत्ता?”

“कुठं काय केलं बाई?”

“ते चाक वर गेलं. परत कर.”

त्यानं परत केलं. मग आणखी चार वेळा केलं. मग बाईंनी त्याला उतरवून स्वतः काठीच्या टोकानं ती दांडी ढकलून बघितली. डॉक्टरांकडं आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. बाहेर येताना त्या मला म्हणाल्या, “मोजणी, रविवारी नांदेडला जायचंय. टेप घे.”

नांदेडच्या भंगार बाजारात मी जन्मात पहिल्यांदा गेलो. कापलेल्या गाड्यांची दारं एकीकडं, सीटा एकीकडं, आणि एका पत्र्याखाली स्टेरिंगांचा ढीग. बाई एसटीच्या प्रवासानं दमल्या होत्या, पण ढीग बघून त्यांचा चेहरा वॉर्डात राउंडला निघाल्यासारखा झाला. काठीनं एकेक दाखवत त्या दुकानदाराला विचारू लागल्या, “हे कुठल्या गाडीचं? जखम कुठं झाली होती तिला?”

दुकानदार गोंधळला. “जखम?”

“पुढून ठोकली होती का मागून? पुढून ठोकलेलीचं नको. त्यात हे दबतंय, दिसत न्हाई वरून. मागून ठोकलेली दाखव.”

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मग मान हलवत म्हणाला, “बाई सही बोलतात.” हे त्यांना कुणी सांगितलं होतं, मला आजही माहीत नाही. कदाचित कुणीच नाही. माणसाच्या छातीला मार कुठून बसला हे त्यांनी आयुष्यभर विचारलं होतं, तेच त्या लोखंडाला विचारत होत्या.

शेवटी मागून ट्रकनं ठोकलेल्या एका कारचं स्टेरिंग निघालं. वर-खाली करायच्या दांडीसकट, किल्लीच्या कुलपासकट. बाईंनी ते मांडीवर घेऊन वर-खाली करून बघितलं, कान लावून ऐकलं. मग दुकानदाराचं कपाळ निरखलं.

“तू मुदखेडचा का रे? तुला मी काढलंय.”

“न्हाई अम्मा, मैं तो हैदराबाद में पैदा हुआ.”

“मग तुझ्या भावाला,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

गाडी दुरुस्त करायची ती मुनीरभाईनं. लातुरातच नांदेड रोडला त्याचं गॅरेज. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा कारागीर. त्यानं स्टेरिंग उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “बाई, कारचं कारला बसतंय. ही जीपच्या जमान्यातली गाडी. काम हाय लई.”

“किती दिवस?”

“आठ-दहा.”

“पेशंट घरीच ठेवू. तू ये.”

मुनीर आला. शेडमध्ये बाईंनी धुतलेली चादर अंथरली आणि त्याचे पाने लहान-मोठे असे ओळीनं मांडून ठेवले. तो एक पाना उचलून दुसरीकडं ठेवायचा आणि बाई तो परत जागेवर ठेवायच्या. पहिल्या दिवशी बॅटरीची वायर काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “पेशंटनं सकाळपासून काय घेतलंय?” मुनीर म्हणाला, “डिझेल, बाई. थोडंच.” तो चेष्टा करत होता की खरं सांगत होता, त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही.

जुन्या स्टेरिंगचा लांब दांडा सरळ पुढची चाकं वळवणाऱ्या खालच्या बॉक्सपर्यंत जायचा. नवं होतं आखूड. मध्ये जोडदांडा हवा होता, आणि दोन्ही टोकांना तिरकं फिरणारा सांधा, ज्याला मुनीर क्रॉस म्हणायचा. अंतर मोजायचं काम अर्थातच माझं. मी गाडीखाली झोपलो, टेप लावला, आकडा सांगितला. सरकारी माणसाचा आकडा म्हणून मुनीरनं तो तसाच लेथवाल्याला दिला. दोन दिवसांनी दांडा आला आणि पुरेना. दोन्ही टोकांना दांडा क्रॉसच्या आत बोटभर शिरतो, हे मी धरलंच नव्हतं.

“एवढी एवढी शेतं मोजतोस,” बाई म्हणाल्या, “म्हणून बांधाबांधाला भांडणं लागून राहिलेत होय.”

 मुनीर मला वाचवायला म्हणाला, “बाई, काय न्हाई. तुकडा जोडून वेल्डिंग मारतो. पक्कं होतंय.”

“न्हाई.”

“अहो, दिसणार पण न्हाई.”

“मुनीर, कातड्याला टाका चालतोय. हाडाला न्हाई. मी खुब्यात तुकडा घालून घेतला का? अख्खा गोळा बदलला. नवा दांडा कर.”

मुनीर मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, “बरोबर हाय. मी पण स्वतःच्या गाडीला वेल्डिंग मारलं नसतं.” नवा दांडा एकसंध रॉडचा झाला. या वेळी अंतर मुनीरनं मोजलं आणि मी टेपचं दुसरं टोक धरलं.

डॅशबोर्डखाली नवी पट्टी ठोकून स्टेरिंग टांगलं. वायरी जोडल्या, तर उजवीकडं वळलं की हॉर्न वाजायला लागला. मुनीरनं त्यातला दोष दोन दिवस शोधला आणि हात टेकले. बाईंनी वहीत लिहिलं, ‘उजवीकडे वळताना ओरडते. सहन करणे.’

शेवटच्या दिवशी एकच बोल्ट राहिला होता. वर-खाली होणारं चाक जिथं आवळून धरलं जातं, तिथला. बाई म्हणाल्या, “शेवटचा टाका मी घालणार.” मुनीरनं पाना दिला. त्यांनी दारातून अर्धवट आत वाकून, दात आवळून तो फिरवला. मुनीर म्हणाला, “मी एकदा बघू का बाई?”

“गरज न्हाई. तीस वर्षं टाके घातलेत.”

मुनीरनं हात पुसले. तो माझ्याकडं बघून किंचित हसला, आणि मीही हसलो. दोघांनीही तेव्हा बोलायला हवं होतं.

दिवाळीला बसवराज आला. हॉटेलवाला त्याच्या मागं लागला होता. बाईंनी त्याला नवं चाक वर-खाली करून दाखवलं, अलगद आत बसून दाखवलं. तो म्हणाला, “आई, शेडमध्ये बसणं वेगळं आणि रस्ता वेगळा.”

“मग रस्त्यावर बघ. देगलूरला जाऊ. माझ्या जुन्या दवाखान्यापर्यंत. मधी कुठं अडलं, तर किल्ली तुझी. मी तोंडातून शब्द काढणार न्हाई.”

“नक्की?”

“हाव.”

पाडव्याच्या सकाळी निघालो. बाई स्टेरिंगवर, बसवराज शेजारी, मी मागं हौद्यात पोत्यावर, कारण साक्षीदार पाहिजे होता. मधली काच उघडी होती, त्यामुळं आतलं सगळं ऐकू यायचं. ऊन छान पडलं होतं. प्रत्येक उजव्या वळणाला आम्ही ओरडत जात होतो आणि रस्त्याकडंची माणसं वळून बघत होती. उदगीर मागं पडलं. बाई गुणगुणायला लागल्या, तेव्हा बसवराजसुद्धा सैल होऊन बसला. मला वाटलं, जिंकल्या.

पुढं एका गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता. बाईंनी वेग कमी केला, पण पुढचं चाक आदळलं आणि आतून ‘खट्’ असा आवाज आला. स्टेरिंग धाडकन खाली आलं आणि बाईंच्या मांड्यांवर बसलं. बसवराज ओरडला. बाई ओरडल्या नाहीत. मांडीवर पडलेलं चाक दोन्ही हातांनी धरून त्यांनी गाडी सरळ ठेवली, हळूहळू बाजूला घेतली, थांबवली, किल्ली फिरवली. मग डोळे मिटून बसल्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

बसवराज उतरून फेरी मारून त्यांच्या दाराशी आला. चाक वर ढकलून त्यानं आईचा पाय मोकळा केला. “लागलं का?” असं त्यानं तीनदा विचारलं. लागलं नाही हे कळल्यावर मात्र त्याचा सगळा घाबरेपणा रागात निघाला. मी त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

“कोण तो मुनीर? नंबर द्या त्याचा. माणूस मेलं असतं! एक बोल्ट धड आवळता येत नाही त्याला?”

त्यानं माझ्यापुढं हात केला. माझ्या फोनमध्ये नंबर होता. मी बाईंकडं बघितलं. गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. मुनीर दूर लातूरला होता. तो बाईंवर आळ घेणारा माणूस नव्हता, आणि मीही बोललो नसतो. शिव्या खाऊन त्यानं बोल्ट आवळून दिला असता आणि खांबासारखा तोही चुकीच्या जागी होता असं ठरलं असतं.

बाई समोरच्या काचेतून बघत होत्या.

“त्याला फोन लावू नको,” त्या म्हणाल्या. “तो बोल्ट मी आवळलाय.”

“तू?”

“हाव. तो बघतो म्हणला होता. मी बघू दिलं न्हाई.” त्या तळहाताकडं बघत म्हणाल्या, “हाताला जोर राहिला न्हाई माझ्या. मला वाटलं, हाय.”

एक ट्रॅक्टर ऊस घेऊन शेजारून गेला.  बाईंनी किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. “घे. बोलले ते बोलले.”

त्यानं किल्ली घेतली. वाकून स्टेरिंगखाली बघितलं. मग मला म्हणाला, “पाना आहे का गाडीत?”

सीटखाली सगळे पाने होते, लहान-मोठे असे ओळीनं. कंप्युटरवर काम करणारा तो माणूस पाडव्याचा नवा शर्ट घालून गाडीच्या आत आडवा झाला, डोकं पेडलांशी आणि पाय बाहेर रस्त्यावर. मी वर चाक धरून ठेवलं. तो कण्हत, फुसफुसत बोल्ट आवळत होता. बाई काठी टेकून बाजूला उभ्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही सूचना करत नव्हत्या. तो बाहेर आला तेव्हा शर्टावर ग्रीस लागलं होतं. त्यानं चाकाला लोंबकळून बघितलं. हललं नाही. मला लोंबकळायला लावलं; माझं वजन त्याला माहीत होतं. तरी हललं नाही.

मग त्यानं आईपुढं किल्ली धरली.

“चल. देगलूर राहिलंय अजून.”

बाईंनी किल्लीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. “मधी अडलं की रे.”

“अडलं तर अडलं. बोल्ट मुनीरभाईला परत दाखवू. आणि यापुढं तू आवळायचं नाहीस काही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. हा शब्दही मी त्यांच्या तोंडून नवाच ऐकला.

दुपारी आम्ही पोचलो. दवाखाना सुट्टीमुळं शांत होता. आवारात चिंचेचं मोठं झाड, भिंतीवर लसीकरणाचं रंगवलेलं चित्र. बसवराज उतरून थोडा लांब गेला आणि फोनवर हॉटेलवाल्याला सांगू लागला की गाडी विकायची नाही, नाही, भाव वाढवला तरी नाही. तो परत आला तरी बाई आतच बसलेल्या. इंजिन बंद होतं. चाक वर केलेलं होतं. दार उघडं होतं. एवढा वेळ बसून पाय आखडला होता हे दिसत होतं. बसवराज हात द्यायला पुढं झाला.

“थांब तिथंच,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं तिकडं तोंड करा.”

आम्ही चिंचेकडं तोंड करून उभे राहिलो. मागं सीट करकरली. मग बराच वेळ काहीच नाही. एक दबलेला हुंकार आला, आणि बसवराज वळायला लागला तसं मी त्याचं कोपर धरलं. काठी दगडावर टेकल्याचा आवाज झाला. पुन्हा काही नाही. दाराचं हँडल खडखडलं. नंतर चपला जमिनीवर टेकल्या. आधी एक, आणि दहा आकडे मोजून झाल्यावर दुसरी.

“हं. बघा आता.”

आम्ही वळलो. बाई पदर सारखा करत उभ्या होत्या.